अडेल तट्टाच्या पाठीवर

निघोजे हे खेड तालुक्यातले गाव आता मोटार कंपन्यांच्या पत्त्यात वाचायला मिळते. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, मागोमाग महिंद्राचा आला आणि त्यांच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांची रांगच लागली. सीट चांगली म्हणजे काय, हे अशा पट्ट्यात कोणाला शिकवावे लागत नाही. सीटची परीक्षा घेताना तिच्यावर संवेदकांची पातळ चटई अंथरतात, वर माणूस बसवतात आणि पडद्यावर रंगीत नकाशा उमटतो. लाल दिसेल तिथे दाब जास्त. परदेशातल्या पशुवैद्यकांनी अशीच चटई घोड्याच्या पाठीवर, खोगिराच्या खाली घालून पाहिली. फरक एवढाच की मोटारीच्या सीटखाली पत्रा असतो आणि पत्र्याला दुखत नाही. खोगिराला वरून एक जीव आणि खालूनही एक जीव.

या भागात घोडे पुन्हा डोळ्यांत भरू लागले त्याला कारण बैलगाडा शर्यती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा दुरुस्ती कायदा वैध ठरवला. पुणे जिल्ह्यातल्या घाटांत, म्हणजे शर्यतींच्या धावपट्ट्यांवर, गाड्याच्या पुढे घोडी पळते. ज्या घरात गाडा आहे त्या घरातल्या पोराला बैलांइतकेच त्या घोडीचे वेड लागते. जमीन एमआयडीसीला गेलेली, दारात मोठी गाडी उभी, गोठा मात्र हौसेने राखलेला. अशा घरात ‘पप्पा, मला माझं घोडं पाहिजे’ हा हट्ट फार दिवस अडत नाही. तट्टू येते. मग खोगिराचा प्रश्न निघतो आणि तो बहुतेक वेळा असा विचारला जातो: ‘पोरगं आठ वर्षांचं आहे, किती नंबरचं खोगीर लागंल?’

पोराचं नंतर बघू, आधी तट्टाची पाठ दाखवा, हे या प्रश्नाचे खरे उत्तर. खोगीर विकणारा सहसा ते देत नाही, कारण गिऱ्हाईक समोर उभे असते आणि तट्टू गोठ्यात.

तट्टू म्हणजे घोड्याचे पिल्लू, असा एक गैरसमज शहराकडे सर्रास आढळतो. पूर्ण वाढ होऊनही ज्याची उंची खांद्यापाशी १४८ सेंटिमीटरच्या वर जात नाही, ते तट्टू अशी आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधली व्याख्या आहे. ही उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते तिथे जो हाडाचा उंचवटा असतो, ज्याला घोडेस्वारीच्या शाळांमध्ये विदर्स म्हणतात, तिथपर्यंत मोजतात. खोगिराची सगळी कथा याच उंचवट्याभोवती फिरते.

आपल्याकडचे अस्सल तट्टू म्हणजे भीमथडी. नाव राज्यगीतामुळे सगळ्यांच्या कानावर असते, जनावर मात्र फार थोड्यांनी निरखून पाहिलेले असते. भीमेच्या खोऱ्यातले हे काटक, ठेंगणे घोडे मराठ्यांच्या लष्कराने उत्तरेपर्यंत नेले. लष्कर संपले आणि ते उरले धनगरांच्या वाड्यांवर. मेंढ्यांमागे चालणारा संसार, म्हणजे भांडी, पाल, कोंबड्या, नवी कोकरे आणि कधी चालून थकलेले लहान मूल, हे सगळे आजही त्यांच्याच पाठीवरून रस्ता ओलांडताना दिसते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. ओझ्याच्या या जनावराची पाठ अनेकदा अरुंद आणि टोकदार असते, विदर्स उठून दिसतात, उन्हाळ्यात बरगड्या मोजता येतात. याच्या अगदी उलट बांधा म्हणजे दारात बांधून, पेंड आणि भुसा घालून गुबगुबीत केलेले संकरित तट्टू. त्याचे विदर्स चरबीत बुडालेले, पाठ सपाट, पोट पिंपासारखे. एकाच उंचीची ही दोन जनावरे शेजारी उभी करा आणि एकाचे खोगीर दुसऱ्यावर टाका. दोघांनाही त्रास होईल, पण वेगवेगळा.

पाठीची रचना थोडी समजून घेतली की पुढचे बरेचसे आपोआप कळते. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. कण्याच्या मणक्यांमधून वर सुळक्यांसारखी हाडे निघतात. विदर्सचा उंचवटा म्हणजे त्यातली सर्वांत लांब हाडे. या हाडांवर मांस जवळजवळ नाही, फक्त कातडी. ओझे पेलण्याजोगी जागा कण्याच्या दोन्ही बाजूंना आहे, जिथे बरगड्यांवर जाड लांब स्नायू पसरलेले असतात. पुढची मर्यादा खांद्याच्या पात्याची. घोडा पुढचा पाय टाकतो तेव्हा या पात्याचे वरचे टोक काही सेंटिमीटर मागे सरकते आणि खोगीर तिथेच टेकलेले असेल तर प्रत्येक पावलाला त्याच्यावर आदळते. मागची मर्यादा शेवटच्या बरगडीची. तिच्या मागे कंबर, तिथे खालून बरगडीचा आधार नाही. म्हणजे खांद्याच्या मागे आणि शेवटच्या बरगडीच्या पुढे जी जागा उरली तीच खोगिराची. ठेंगण्या तट्टाच्या पाठीवर ती जेमतेम दीड-दोन विती भरते. मोठ्या माणसाचे सतरा इंची खोगीर ‘पोरगं मोठं झाल्यावर पण चालंल’ म्हणून घेतले की ते कमरेवर जाऊन बसते. मूल वीस-पंचवीस किलोचे असले तरी त्याचा भार नेमका तिथे पडतो जिथे पडू नये.

वजनाचा हिशेबही इथेच उरकू. घोड्याच्या छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून सेंटिमीटरमध्ये मोजायचा. त्याचा वर्ग करून शरीराच्या लांबीने, म्हणजे खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या मापाने, गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे. अंदाजे किलो मिळतात. घेर १४० आणि लांबी १२५ असेल तर तट्टू साधारण २०६ किलोचे निघते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझे देऊन केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पंचवीस टक्क्यांपासून पुढे हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे दुखणे स्पष्ट वाढले. वीस टक्क्यांची मर्यादा सर्रास सांगितली जाते. आपल्या तट्टाला ती ४१ किलो पडते. यात खोगीरही मोजायचे असते, हे लोक विसरतात. आठ वर्षांचे पंचवीस किलोचे मूल आणि सहा किलोचे खोगीर मिळून ३१ किलो, म्हणजे निवांत. तेच मूल बाराव्या-तेराव्या वर्षी काठावर येते. आपल्याकडच्या १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या नियमांत तट्टासाठी ७० किलोची मर्यादा आहे. ती ओझे वाहणाऱ्या जनावरासाठी कायद्याने आखलेली शेवटची रेघ आहे. ती दाखवून ‘चालतंय की’ म्हणत दोघा भावंडांना एकदम बसवू नये. त्याच नियमांतली दुसरी गोष्ट मात्र जरूर पाळावी: पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावराला कामाला लावता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत चाकणकडे ही वेळ रोजचीच.

वजनाचा विषय निघालाच आहे तर एक आठवण. निघोज्याहून इंद्रायणीच्या काठाने खाली गेले की आळंदी. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसाठी कर्नाटकातल्या अंकलीहून शितोळे सरदारांचे दोन अश्व दरवर्षी पायी येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर माउली आहेत अशा श्रद्धेने कोणी बसत नाही. वीस टक्क्यांचे गणित ज्याला लावता येत नाही असा महाराष्ट्रातला हाच एक घोडा असावा.

आता प्रत्यक्ष खोगीर. चांगल्या खोगिराच्या पोटात लाकडाचा, पोलादी पट्ट्यांचा किंवा कृत्रिम फायबरचा सांगाडा असतो. त्याला सगळीकडे ट्री म्हणतात. सांगाड्याची पुढची कमान विदर्सच्या दोन्ही बाजूंनी उतरते. त्याखाली डावी-उजवी अशा दोन गाद्या, आत लोकर किंवा फोमची भरती, आणि दोन गाद्यांच्या मधोमध कण्यासाठी मोकळी सोडलेली पन्हळ. मुलाचे वजन सांगाड्यावर, सांगाड्याचे गाद्यांवर आणि गाद्यांचे स्नायूंवर पसरते. कण्याला काही लागत नाही. हे साधले की खोगीर बसले, बाकीचे त्याच्या खालच्या पायरीचे.

तपासायला बसताना पहिली अट म्हणजे खोगिराखाली काहीही घालायचे नाही. घोंगडी नाही, नमदा नाही, फोमचा पॅड नाही. तट्टू सपाट जागी चारही पायांवर सारखे उभे करा. अंगणातल्या फरशीच्या उतारावर उभे करून काढलेले निष्कर्ष चुकतात. खोगीर मुद्दाम थोडे पुढे, विदर्सवर ठेवा आणि हलकेच मागे सरकवत न्या. एका जागी ते आपोआप थांबते. तीच त्याची जागा. बरेच जण तिथून परत पुढे ओढतात, कारण खोगीर पुढे दिसले की ‘ऐटदार’ वाटते. ओढू नका. खांद्याचे पाते बोटांनी चाचपा. त्याच्या मागे दोन-तीन बोटांची जागा सुटलेली असली पाहिजे.

मग समोर येऊन वाकून कमानीखाली पाहा. विदर्स आणि खोगीर यांच्यामध्ये रिकाम्या खोगिराला साधारण तीन बोटे जागा हवी आणि मूल बसल्यावरही दोन तरी. कमानीच्या बाजू जनावराच्या खांद्याच्या उताराला समांतर उतरल्या पाहिजेत. इथे नवख्यांची हमखास फसगत होते. कमान अरुंद असेल तर खोगीर विदर्सच्या वर चढून बसते आणि कमानीखाली चांगली पाच बोटे जागा दिसते. मालक खूश, ‘बघा किती मोकळं आहे.’ प्रत्यक्षात कमानीची दोन टोके दोन्ही बाजूंनी स्नायूत रुतलेली असतात. उलट कमान रुंद असेल तर पुढचा भाग खाली बसतो, आज नाही तर महिन्याने हाडावर टेकतो आणि तिथे घट्टा पडतो किंवा जखम होते. विदर्सची जखम लवकर बरी होत नाही. पूर्वी पागेत तिचा धसका असे.

पुढे तळहात गादीखाली घाला, तळवा जनावराकडे, आणि पुढून मागे सावकाश सरकवत न्या. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. पुढे घट्ट, मध्ये पोकळ, मागे पुन्हा घट्ट असे लागले तर खोगीर पाठीवर पुलासारखे पडले आहे आणि सगळा भार चार कोपऱ्यांवर जाणार आहे. खोलगट पाठीच्या वयस्क तट्टावर हे नेहमी घडते, आणि मुलासाठी घेतलेले गरीब स्वभावाचे तट्टू बहुधा वयस्कच असते. याच्या उलट, खोगीर मध्यावर टेकून मागे-पुढे झुलत असेल तर तेही नको. मागे जाऊन पन्हळीतून पाहा. आरपार उजेड दिसला पाहिजे आणि पन्हळ पुढपासून मागपर्यंत तीन-चार बोटे रुंद राहिली पाहिजे. बसण्याच्या जागेवर गोल पेन्सिल आडवी ठेवा. ती मध्याकडे येऊन थांबली तर तोल बरोबर. मागे घरंगळली तर मूल पाय पुढे फेकून, लगामाला लोंबकळत बसेल, आणि शिकवणारा विनाकारण त्याच्यावर ओरडेल.

शेवटची बरगडी कशी शोधायची? पोटाच्या बाजूने मागून पुढे बोटे दाबत या. पहिले हाड लागते ती शेवटची बरगडी. तिचा वळसा वर कण्याकडे बोटाने काढत न्या आणि खडूने खूण करा. खोगिराची गादी त्या खुणेच्या मागे जाता कामा नये. खडूच्या या खुणेने पुष्कळ खोगिरे नापास होतात, असा माझा अंदाज आहे, आणि सर्वांत जास्त ती जी देखणी दिसतात.

खोगीर दूरच्या गावाहून मागवायचे असेल तर तट्टाचे माप पाठवता येते, आणि या पट्ट्यात त्यासाठी लागणारे सामान फुकट मिळते. वाकवली तशी राहणारी जाड वायर घ्या. खांद्याच्या पात्यामागे, जिथे कमान येणार तिथे, ती पाठीवरून दोन्ही बाजूंना दाबून बसवा, आकार न बिघडवता उचला आणि पुठ्ठ्यावर ठेवून आतल्या बाजूने रेघ ओढा. असाच दुसरा आकार खोगिराच्या मध्याच्या जागी, तिसरा शेवटच्या बरगडीपाशी, आणि चौथा कण्यावरून लांबीने, म्हणजे पाठ खोलगट आहे की सपाट ते कळते. पुठ्ठा कापून पुन्हा पाठीवर ताडून पाहा. डावी-उजवी बाजू जुळत नसेल तर घाबरू नका. आपलेही दोन खांदे सारखे नसतात. अशा वेळी खोगीर मोठ्या बाजूला बसेल असे घ्यायचे आणि लहान बाजूला भरती वाढवायची. दुकानदार ‘नॅरो’, ‘मीडियम’, ‘वाइड’ अशी नावे सांगतो. एका कारखान्याचे मीडियम दुसऱ्याच्या वाइडइतके असू शकते, तेव्हा नावावर जाऊ नये, पुठ्ठा पाठवावा. काही कृत्रिम खोगिरांत पुढची कमान स्क्रू काढून बदलता येते. वाढत्या, जाड-बारीक होणाऱ्या तट्टासाठी तो पैसा मला सत्कारणी लागलेला वाटतो.

जाड-बारीक होणे ही आपल्याकडे छोटी बाब नाही. जुलैपासून बांधावर हिरवा चारा आला की तट्टू दोन महिन्यांत ओळखू येत नाही इतके भरते. दिवाळीला खोगीर वर उचलल्यासारखे दिसते, तंगाची, म्हणजे पोटाखालून बांधायच्या पट्ट्याची, भोके पुरत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये तेच खोगीर विदर्सवर टेकायला लागते. एकदा माप घेतले आणि संपले, असे नसते. पुठ्ठ्याचा आकार वर्षातून दोन-तीनदा तरी पाठीवर लावून पाहावा लागतो. उन्हाळ्यात ढिले पडले म्हणून खाली एक घोंगडी घातली तर तात्पुरते चालते. धनगरी घोंगडी घाम शोषते, घसरत नाही आणि दुकानातल्या बहुतेक चकचकीत नायलॉन पॅडपेक्षा सरस ठरते. पण अरुंद खोगीर बोचते म्हणून गादीवर गादी चढवणे हा उलटा उपाय आहे. घट्ट बुटात पायावर आणखी एक मोजा घालण्यासारखेच ते, दाब वाढतो.

गुबगुबीत तट्टाची निराळीच तऱ्हा. विदर्स नाहीत म्हणून खोगिराला धरायला काही नाही. ते बाजूला फिरते किंवा मानेवर सरकते. मोठी माणसे यावर तंग आवळतात. तंग आवळून खोगीर बसत नाही, फक्त जनावराचा श्वास कोंडतो आणि कोपराच्या मागे कातडी सोलते. अशा पाठीला रुंद, सपाट गादीचे खोगीर घ्यावे आणि दुमची लावावी. शेपटीखालून येणारा हा पट्टा खोगीर पुढे जाऊ देत नाही. डोंगर उतरणाऱ्या घोड्यांना तो पूर्वीपासून लावत आले आहेत. दुमचीचा शेपटीखालचा भाग मऊ आणि स्वच्छ हवा, तळहाताइतकी ढील हवी. ज्या तट्टाला तिची सवय नाही, त्याच्यावर मूल बसवून ती पहिल्यांदा लावू नये, एवढे सांगितले की पुरे.

तंग एकदम ओढायचा नसतो. आधी एक भोक, थोडे चालवा, मग दुसरे. पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढे ताणले की तंगाखाली अडकलेली कातडी सुटते. मूल बसल्यावर पुन्हा एकदा पाहा, तेव्हा तो हमखास सैल निघतो.

आता मूल. त्याला खोगिरात बसवले की ढुंगणामागे त्याच्याच हाताचा एक पंजा मावेल एवढी जागा हवी आणि गुडघा बाजूच्या चामड्याच्या बाहेर डोकावता कामा नये. आठ-दहा वर्षांच्या मुलांना साधारण चौदा ते साडेपंधरा इंची बैठक पुरते, पण लांब मांड्यांच्या मुलाला बैठकीपेक्षा बाजूचे चामडे लांब लागते. तट्टाच्या पाठीला छोटे आणि मुलाला मोठे खोगीर हवे असा पेच पडलाच तर तट्टाचे ऐकायचे. मूल थोडे अडचणीत बसले तर कुरकुर करते. तट्टाला कुरकुर करण्याची आपण संधी ठेवलेली नाही.

रिकिबीबाबत, म्हणजे पाय टेकवायच्या कडीबाबत, मात्र मुलाचेच ऐकायचे, आणि कडकपणे. खोगिरातले सर्वांत घातक लोखंड ते आहे. पडताना पाय रिकिबीत अडकला की मूल फरफटत जाते. बुटाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहील एवढीच रिकीब रुंद असावी. मोठ्या माणसाच्या रिकिबीत मुलाचे अख्खे पाऊल आरपार जाते. लहानांसाठी एका बाजूला जाड रबराची कडी असलेली रिकीब मिळते. वजन पडले की कडी निसटते आणि पाय सुटतो. रिकिबीची वादी ज्या लोखंडी दांडीला अडकवलेली असते, त्या दांडीचे टोक उघडे ठेवावे. आणि चपलेवर बसवू नये. टाच असलेला बंद बूट. गावात यावर हसतात, हसू द्यावे. डोक्याला घोडेस्वारीचे हेल्मेट लागते, सायकलचे किंवा मोटारसायकलचे नाही.

अगदी चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी सांगाडा नसलेली मऊ गादी मिळते, पुढे धरायला कडी असलेली. गोल पाठीच्या तट्टावर, कोणीतरी हातात धरून चालवत असताना, थोड्या वेळासाठी ती चांगली. त्या गादीला रिकिबी लावून उंच विदर्सच्या रोड भीमथडीवर तासभर बसवले तर सगळे वजन सरळ कण्यावर जाते.

खोगीर बसले की नाही याचा निकाल शेवटी तट्टूच देते. वीसेक मिनिटे चालवून, घाम येऊ देऊन खोगीर उतरवा. दोन्ही गाद्यांखाली घाम सारखा पसरलेला असावा आणि कण्यावरची पट्टी कोरडी असावी. घामाच्या मधोमध रुपयाएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे एक तर गादी टेकत नाही किंवा इतकी दाबते की घामाच्या ग्रंथींचे काम थांबले आहे; तळहात घालून केलेली तपासणी कोणते ते सांगते. काळ्या-तांबड्या तट्टाच्या विदर्सच्या बाजूला पांढरे केस उगवलेले दिसले तर तिथे जुना दाब पडून केसांचा रंगच गेला आहे. तट्टू विकत घेताना पाठ ओली करून पाहावी. विकणाऱ्याने सांगितले नाही ते पाठीवर लिहिलेले असते.

वागणूक हा दुसरा पुरावा. खोगीर दिसताच कान मागे पाडणे, तंग ओढताना चावायला येणे, पोट फुगवणे, शेपटी फटकारणे, तोकडी पावले टाकणे, उतारावर थांबून राहणे. या सगळ्याला आपण ‘अडेलतट्टू’ म्हणून मोकळे होतो, आणि मग कोणीतरी पोराच्या हातात फोक देते. ब्रिटनमधल्या पशुवैद्यक स्यू डायसन यांनी २०१८ मध्ये, स्वार बसलेला असताना घोडा दाखवतो अशा २४ वर्तनांची यादी प्रसिद्ध केली. त्यातली आठ किंवा अधिक दिसली तर हाडास्नायूंचे दुखणे असण्याची शक्यता बरीच वाढते. यादीत कान, डोळे, तोंड, शेपटी, चाल असे सगळे आहे. घरच्या माणसाला ही यादी पाठ करायची गरज नाही. कालपर्यंत गरीब असलेले तट्टू आज अडेल झाले तर आधी पाठ पाहावी, दात पाहावेत, खूर पाहावेत. जखम दिसली तर खोगीर भिंतीवर टांगून ठेवावे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार जखमी जनावराला राबवणे हा गुन्हा आहे, मुलाची हौस असली तरी.

खोगीर विकत कुठे घ्यावे, हा शेवटचा आणि सर्वांना पहिला वाटणारा प्रश्न. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या घोडेबाजारात मणी, आरसे, गोंडे लावलेली खोगिरे पाहून भान हरपते. ती मिरवणुकीसाठी. बाजारातून घुंगरू आणि गोंडे घ्यावेत, खोगीर नाही. देशात खोगिराचे मोठे केंद्र कानपूर. इंग्रजांनी तिथे फौजेसाठी कारखाना काढला तेव्हापासून तो धंदा टिकला, आज तिथली खोगिरे परदेशात जातात आणि त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. जवळ पाहायचे तर तळेगाव दाभाड्याकडची घोडेस्वारीची केंद्रे. तिथे मुलांची तट्टे रोज चालतात. एकदा जाऊन त्यांची खोगिरे कशी बसवलेली असतात हे नुसते निरखले तरी डोळा तयार होतो.

जुने खोगीर घ्यायला हरकत नाही, उलट चांगले जुने कातडे नव्या कडक कातड्यापेक्षा बरे. फक्त सांगाडा मोडलेला नसावा. पुढची कमान दोन्ही मांड्यांत धरून आत दाबा. ती हलली किंवा कुरकुरली तर पैसे देऊ नका. मग कमान पोटाला टेकवून मागची कड आपल्याकडे ओढा. बैठक किंचित लवचिक असते, पण मध्ये घडी पडल्यासारखी सुरकुती आली तर सांगाडा गेलेला आहे. शिवण, वाद्या आणि तंगाचे पट्टे जिथे भोके आहेत तिथे वाकवून पाहा. कातडे तडकते ते तिथेच. गाद्या चाचपून गाठी लागल्या तर भरती बदलून घेता येते. जीनगरीचे काम करणारे हात आता कमी उरले आहेत. पण मोटारींच्या सीट कव्हरची शिलाई करणारे कारागीर या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत आणि वाद्या, पट्टे, शिवण यांसाठी ते उत्तम. गादीच्या भरतीला मात्र, ज्याने पूर्वी खोगीर उघडले आहे त्याचाच हात लागू द्यावा. ओल्या हवेचा विचार करून कृत्रिम खोगीर घ्यावे की कातड्याचे, यावर वाद घालता येईल. चार महिने पावसात कातड्यावर बुरशी धरते, साबण-तेल रोज लागते. कृत्रिम खोगीर नळाखाली धुता येते आणि वजनाला हलके पडते. वीस टक्क्यांच्या हिशेबात ते एक-दोन किलोही मोजले जातात.

मूल तेराव्या-चौदाव्या वर्षी तट्टाला जड होते आणि ते दुसऱ्या घरी, दुसऱ्या लहान मुलाकडे जाते. अशा वेळी लोक तट्टू विकतात आणि महागाचे खोगीर ‘पुढच्या घोड्याला होईल’ म्हणून माळ्यावर ठेवतात. पुढच्या घोड्याला ते होत नाही. ते त्या तट्टाच्या मापाचे आहे. त्याच्याबरोबरच द्यावे, आणि पुठ्ठ्याचे चारही आकार, तारीख घालून, सोबत.